144 वर्षांचा हिशोब दोन्ही टोकांना चुकतो

महिला दिन आला की एक मेसेज हमखास फिरतो: ‘अमेरिकेला बायकांना मत द्यायला 144 वर्षं लागली, भारताने पहिल्याच दिवशी दिलं.’ यंदा तो मला अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्या मावशीने पाठवला. 1776 हे अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं साल, 1920 हे बायकांना मताधिकार देणाऱ्या घटनादुरुस्तीचं. 1920 वजा 1776 बरोबर 144, एवढी वजाबाकी बिनचूक आहे.

आता 1776 घ्या. मावशी राहते त्याच न्यू जर्सीच्या त्या वर्षीच्या राज्यघटनेत मतदाराला मालमत्तेची अट होती, पुरुष असण्याची नव्हती. त्यामुळे ऐपतदार विधवा आणि बिनलग्नाच्या बायका तिथे मत देत. (लग्न झालेलीची मालमत्ता नवऱ्याची, त्यामुळे ती बाद!) 1807 मध्ये कायदा करून हा हक्क काढून घेतला. असलेला हक्क गेला, हे मेसेजच्या गणितात बसतच नाही. पुढे वायोमिंगमध्ये 1869 सालीच बायकांना मत मिळालं, आणि 1916 मध्ये मॉन्टानातून जेनेट रँकिन थेट काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून आल्या.

मला सगळ्यात खटकतो तो ‘द्यायला’ हा शब्द. 1917 मध्ये व्हाइट हाउससमोर मताधिकार मागणारे फलक धरून मुकाट उभ्या राहणाऱ्या बायकांना रहदारी अडवल्याच्या आरोपावरून तुरुंगात टाकलं. त्यांच्या नेत्या ॲलिस पॉल यांनी तिथे उपोषण केलं, तर नळी घालून बळेच अन्न भरवलं. घटनादुरुस्तीला 36 राज्यांची मंजुरी लागत होती. छत्तिसावं टेनेसी. तिथला 24 वर्षांचा आमदार हॅरी बर्न 1920 च्या ऑगस्टमध्ये कोटाला विरोधकांचं लाल गुलाब लावून सभागृहात आला, पण खिशात आईचं पत्र होतं: बाजूने मत दे. त्याने आईचं ऐकलं.

बरं, 1920 ला तरी सगळ्या जणींना मत मिळालं का? दक्षिणेत काळ्या स्त्रियांना साक्षरता चाचणी, पोल टॅक्स (मत देण्यासाठी भरावा लागणारा कर) आणि धाकदपटशा यांनी अडवून धरलं. काळ्या शेतमजूर फॅनी लू हेमर 1962 मध्ये मिसिसिपीत मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, आणि त्याच दिवशी मळ्यावरचं काम आणि राहतं घर दोन्ही गेलं. या अडवणुकीला कायद्याने खरा चाप बसला तो 1965 मध्ये. मूळ रहिवाशांना ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत मतासाठी 1948 उजाडावं लागलं. आपल्या लोकांचं काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद या भारतीयाच्या खटल्यात 1923 मध्ये दिलेल्या निकालाने भारतीयांना तिथल्या नागरिकत्वाचं दार बंद केलं, ते 1946 पर्यंत. नागरिकत्वच नाही तर मत कुठलं?

राहिला ‘पहिला दिवस’. मुंबई इलाख्यात मालमत्तेच्या अटीवर का होईना, बायकांना मताधिकार 1921 मध्येच मिळाला होता. आणि 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच सांगितलं होतं. त्यांचा पहिला दिवस पुढच्या निवडणुकीपर्यंत तरी लांबलाच.