‘कोटिंग करूनही बॅटरीत धूळ’ या एक ताऱ्याच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की कोटिंगचे पैसे घेतले, तरी झाकण उघडल्यावर इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरी पॅकमध्ये धूळ सापडली, आणि बसबारच्या (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) जोडांवर तर कोटिंगच नव्हतं. फोटो टाकलेत ते बरं केलंत.

धूळ बाहेर ठेवणं हे कोटिंगचं काम नाही. ते गॅस्केटचं (झाकणाच्या कडेच्या सीलचं) आणि ब्रीदर व्हॉल्व्हचं (आतला-बाहेरचा दाब सारखा ठेवणाऱ्या झडपेचं). गाडी चालताना पॅक तापतो, उभी राहिली की थंड होतो. आतली हवा आकसते आणि मिळेल त्या फटीतून बाहेरची हवा आत येते. तुमच्या फोटोत धूळ एकाच कोपऱ्यात, बोल्टच्या रांगेलगत पट्टा धरून बसली आहे. मधल्या काळात दुसरीकडे झाकण उघडून सेल तपासल्याचं तुम्हीच लिहिलंय. दबलेलं जुनं गॅस्केट पुन्हा बसवलं, तर आयपी 67 या धूळ-पाणी रोखण्याच्या रेटिंगमधल्या 6 चा, म्हणजे पूर्ण धूळबंदीचा, भरवसा राहत नाही.

मग कोटिंग कशाला? कोरडी धूळ बहुधा नुसती पडून राहते. दमट हवेत ती ओल धरते, त्यात क्षार असले की दोन टर्मिनलांमध्ये करंट झिरपायला वाट होते. बीएमएस बोर्डावरचा (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटवरचा) अ‍ॅक्रिलिक थर ती वाट अडवतो. केसिंगला आतून दिलेला थर अँटिस्टॅटिक आहे. बरेच ग्राहक टेफ्लॉनसारखा गुळगुळीत थर मागतात. त्यावर पाणी ठरत नाही हे खरं, पण घासला की तो स्टॅटिक चार्ज धरतो आणि बारीक धूळ उलट ओढून घेतो. खपतो मात्र चांगला! आम्ही तो देत नाही.

बसबारचे जोड मुद्दाम कोरे ठेवतो. संपर्काच्या जागी थर गेला तर रेझिस्टन्स वाढतो आणि जोड तापतो. स्प्रेपेक्षा जास्त वेळ आमचा मास्किंगमध्ये, म्हणजे असे जोड आधी झाकून घेण्यात, जातो.

बिघाड आहे की नाही, हे धुळीकडे बघून ठरत नाही, इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीत झिरपायला किती अडथळा आहे, ते मोजून ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या आर 100 या इलेक्ट्रिक गाड्यांच्या सुरक्षा नियमात डीसी सर्किटसाठी व्होल्टमागे किमान 100 ओहम लागतात. 400 व्होल्टच्या पॅकला 40 किलोओहम. गाडी घेऊन या, मोजणीचे पैसे घेणार नाही. गॅस्केट नवं लागलं तर त्याचा खर्च तुमचा. तोवर झाकण पुन्हा उघडू नका, आत हाय व्होल्टेज आहे. आणि कुणी एअर गनने धूळ उडवून देतो म्हणालं तर नको म्हणा. ती कनेक्टरच्या आत जाऊन बसते.