पूल हलवला म्हणून वारसा बुडत नाही

जुना लोखंडी पूल सोडवून दुसरीकडे न्यायचं ठरलं, की कुणीतरी हमखास म्हणतं, "जागाच सुटली, आता त्यात राहिलं काय?" दगडी पुलाबद्दल म्हणा, मी मान डोलावेन. पण एकोणिसाव्या शतकातले कितीतरी लोखंडी पूल कारखान्यात घडले आणि सुट्या भागांत नदीकाठी पोचले. सुटं आलेलं सुटं होऊन जाऊही शकतं.

इंग्रज अभियंता ब्रुनेलने लंडनला थेम्स नदीवर १८४५ साली हंगरफर्डचा झुलता पूल उभा केला. पुढे रेल्वेच्या पुलासाठी तो उतरवावा लागला. त्याच्या साखळ्या गेल्या ब्रिस्टलला, क्लिफ्टनच्या अर्धवट राहिलेल्या पुलावर. तोही मूळचा ब्रुनेलचाच. १८६४ साली तो पुरा झाला, तेव्हा ब्रुनेलला जाऊन पाच वर्षं झाली होती. आजही त्यावरून मोटारी जातात.

माझं भांडण वेगळं आहे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली सांधे बदलतात, ते मला खुपतं. इंग्लंडमधल्या कोलब्रुकडेलच्या १७७९ च्या पुलात ओतीव लोखंडाचे भाग सुतार लाकडात करतो तसे खाचा, कुसवं आणि पाचरी वापरून जोडलेत. हाताखाली तेवढीच विद्या होती! सांधा बघितला की बांधणाऱ्याचं डोकं कळतं.

रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या लोखंडी खिळीचंही तसंच. लालबुंद तापवून भोकात घालायचा, एकाने मागून दाबून धरायचा, दुसऱ्याने पुढून ठोकून डोकं घडवायचं. निवताना तो आखडतो आणि पत्रे करकचून आवळतो. त्या जागी सरसकट बोल्ट मारले तर भार पेलेल, नाही असं नाही. पण मग जुन्या पुलाचा सांगाडा तेवढा उरतो. ओतीव लोखंडावर वेल्डिंगची घाई तर आणखी वाईट, तापून-निवून ते तडकतं.

आणि गंज! दोन पत्र्यांच्या फटीत पाणी शिरलं की तो थरांवर थर चढवतो, मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, जाड पट्ट्या वाकवतो. वरून चकचकीत रंग फासून तो जात नाही. सांधा उघडावाच लागतो. जुन्या रंगात शिसं असतं, त्यामुळे तो खरवडतानाही धूळ बंदिस्त ठेवावी लागते.

सगळ्यात धोक्याचा काळ मात्र उतरवणं आणि उभारणं यांच्या मधला. प्रत्येक तुकड्यावर नंबर हवा, तोही धातूच्या बिल्ल्यावर ठोकलेला. रंगाने लिहिलेला आकडा जुना रंग-गंज काढायच्या वाळूच्या माऱ्यात पहिला उडतो. मग यार्डात शेकडो सारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, आणि कुठली डावीकडची, कुठली उजवीकडची, देव जाणे. त्यात निधी आटला की गवत वाढतं आणि कुणाला तरी भंगाराचा भाव आठवतो.

म्हणून पहिला रिव्हेट कापण्याआधी माझा एकच प्रश्न असतो: नव्या जागेचे पायथे बांधून झालेत का? नसतील तर दोन्ही टोकांना कठडे लावून वाहतूक बंद करा आणि पूल आहे तिथेच उभा राहू द्या.