शंभराचे पाचशे कुठे होतात? महाबळेश्वर-कासच्या पर्यटनाचा हिशेब

नवीन महाबळेश्वर प्रकल्पाचा, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या डोंगरी गावांत नवं गिरिस्थान उभारायच्या सरकारी योजनेचा विषय निघाला की साताऱ्यातल्या कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर तोच मजकूर येऊन पडतो. थोडक्यात तो असा : पर्यटन म्हणजे बिनधुराचा कारखाना. पर्यटकाने खर्च केलेले १०० रुपये गावात फिरून ५०० होतात. १० लाखांच्या गुंतवणुकीत ७८ जणांना काम मिळतं, म्हणून जावळी-पाटणच्या पोरांना मुंबई गाठावी लागणार नाही. जमिनीला सोन्याचा भाव येईल, ग्रामपंचायती मालामाल होतील.

पर्यटनाने पैसा येतो हे खरंच आहे. प्रश्न तो मुरतो कुठे, हा आहे.

«१०० चे ५०० होतात»

१०० चे ५०० व्हायचे तर प्रत्येक फेरीत हातात आलेल्या पैशातला ८० टक्के भाग त्याच परिसरात पुन्हा खर्च व्हायला हवा. १००, मग ८०, मग ६४, मग ५१... ही बेरीज ५०० च्या घरात जाते. पण ज्या गावात कापड, गॅस, सिमेंट, औषध, मोबाइल यातलं काहीच तयार होत नाही, तिथे ८० टक्के राहणार कसे? समजा, पहिल्याच फेरीत निम्मे बाहेर गेले आणि पुढच्या प्रत्येक फेरीत ३० टक्केच गावात राहिले. मग ५०, १५, साडेचार, सव्वा... सगळं मिळून ७१. म्हणजे शंभराचे पाचशे राहू द्या, शंभरही होत नाहीत. या बाहेर जाणाऱ्या पैशाला गळती म्हणतात, आणि डोंगरातल्या लहान गावांत ती मोठीच असते.

एक बिल उलगडून पाहू. ३,००० रुपयांची खोली, ॲपवरून बुक केलेली. ७,५०० पर्यंतच्या खोलीला २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे, म्हणून पाहुण्याचे ३,१५० गेले. त्यातले १५० निम्मे केंद्राला, निम्मे राज्याला. ॲपचं कमिशन २० टक्के धरलं (कमी-जास्त असतं, पण याच्या आसपास) तर ६०० गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १०८. मालकाच्या हातात आले २,२९२. खोलीवर ५ टक्के दर लावला की खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, त्यामुळे ते १०८ वसूल करायची सोय नाही. छोट्या होमस्टेवाल्याची उलाढाल २० लाखांच्या आत असली, तो नोंदणीत नसला, तरी ॲपवरून आलेल्या पाहुण्याच्या खोलीवर ॲप स्वतः जीएसटी लावतं आणि भरतं. «आपण लहान, आपल्याला कर नाही» हा समज इथे चालत नाही.

आता या २,२९२ मधून वीजबिल, बँकेचा हप्ता, वाईहून किंवा साताऱ्याहून आलेला किराणा, चादरी, साबण. मालक गावातलाच असेल तर उरलेला नफा गावात राहतो. मालक पुण्या-मुंबईचा असेल आणि हॉटेल कुणा तिसऱ्यालाच वार्षिक भाड्याने चालवायला दिलेलं असेल, तर गावात राहतो तो पगार, दूध आणि भाजी. स्वयंपाकी बाहेरून आणलेला असला तर पगारातलाही मोठा भाग महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या घरी रवाना होतो. खोली तीच, पाहुणा तोच, पण गावाच्या वाट्यात दुप्पट-तिप्पट फरक.

«१० लाखांत ७८ रोजगार»

हा आकडा जुन्या सरकारी कागदांतून उचललेला आहे आणि वर्षानुवर्षं तसाच फिरतोय. भागाकार करून बघा : एका रोजगाराला १२,८२० रुपये. आजच्या भावात एवढ्यात एका खोलीचा पलंग-गादी-गीझरही नीट होत नाही. डोंगरावर तर वाळू, वीट, सळई सगळं घाट चढून येतं.

त्याहून मोठी गोम म्हणजे रोजगार किती महिन्यांचा, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. एप्रिल-मे, दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्या, यावर वर्ष काढायचं. हॉटेल पावसाळ्यात निम्मे कामगार कमी करू शकतं. घोडेवाल्याला तसं करता येत नाही, कारण धंदा बंद असला तरी घोड्याला चंदी लागते. त्यामुळे जावळीचा माणूस माथाडी म्हणून मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या का गेला, याचं उत्तर तीन महिन्यांच्या वेटरकीत मिळत नाही. बारमाही पगार आणि हंगामी मजुरी एकाच रकान्यात मोजायची नसते.

«बिनधुराचा कारखाना»

धूर नसेल, पण पाणी लागतंच. बांधकामाच्या मानकांत घरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर धरतात, हॉटेलच्या एका खाटेला १८०. आणि गर्दीचा महिना नेमका तोच, ज्यात वेण्णा तलाव खाली गेलेला असतो. महाबळेश्वर आणि पाचगणी दोन्ही गावं त्याच तलावावर. इतक्या पावसाच्या डोंगरात मे महिन्यात टँकर फिरतात, यात चमत्कार काही नाही. उताराची जमीन पाणी धरत नाही आणि मागणी सगळी उन्हाळ्यात एकवटते. टँकरचा खर्च हॉटेल खोलीच्या भाड्यात घालतं. गावातल्या बाईने तो कुठे घालायचा? पर्यटनाच्या जमाखर्चात तो सहसा येतच नाही.

«जमिनीला सोन्याचा भाव»

येतो, पण तो विकणाऱ्यालाच आणि एकदाच. गुंठ्याने विकलेली जमीन म्हणजे उत्पन्न नव्हे, भांडवल मोडणं. न विकणाऱ्याच्या पदरात वाढलेल्या भावातून काही पडत नाही. उलट त्याच्याच पोराला घरासाठी दोन गुंठे घेणं परवडेनासं होतं.

मग पैसा टिकतो कुठे? स्ट्रॉबेरीत. मातृरोपं परदेशातून येतात, म्हणजे तिथेही गळती आहेच, पण वाईकडच्या रोपवाटिकांत त्यांची रोपं वाढवून सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड होते आणि पुढची मेहनत, मजुरी, फळ सगळं इथलंच. मुंबईला पाठवायचं फळ पाऊणेक लाल झालं की तोडावं लागतं, नाहीतर वाटेत गळतं. वर पनेट (फळाची छोटी डबी), खोकं, वाहतूक, हमाली, आडत. तेच फळ वावरात उभ्या पाहुण्याला पूर्ण पिकलेलं देता येतं, चव उजवी लागते आणि मधली कापाकापी वाचते. बारकं नि दबलेलं फळ जॅमच्या कारखान्याला जातं. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्याचा खरा फायदा हाच, की गाडी थांबवून माणूस शेतात शिरतो. २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालेल्या भिलारला स्ट्रॉबेरी आधीपासून होतीच; थांबायला पुस्तकांचं निमित्त मिळालं.

दुसरं उदाहरण कास, साताऱ्याजवळचं फुलांचं पठार. जांभ्यावर मातीचा पातळ थर, फुलांचा हंगाम जेमतेम सहा आठवडे, २०१२ पासून जागतिक वारशात. इथे दिवसाला ३,००० जणांची मर्यादा ठेवली गेली आणि माणशी १५० रुपये शुल्क. पूर्ण भरलेल्या दिवशी साडेचार लाख. हे पैसे कास, एकीव, आटाळी, कासाणी अशा आसपासच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांमार्फत राबतात : राखण, सफाई, मार्गदर्शक. पण तिथेही पुण्याहून टाकी भरून निघालेली, हायवेवर जेवून आलेली आणि संध्याकाळी परतणारी गाडी शुल्क, पार्किंग आणि दोन भाजकी कणसं एवढंच मागे ठेवते. तेच कुटुंब कासच्या पुढे, कोयनेच्या जलाशयाकाठी बामणोलीला एक रात्र राहिलं, तर होडी, जेवण, खोली तिन्ही गावाची. म्हणून गाड्या मोजून काही कळत नाही, मुक्काम मोजावे लागतात.

«ग्रामपंचायती मालामाल»

ही तर सरळ चूक. खोलीवरचा जीएसटी ग्रामपंचायतीकडे येत नाही. महाबळेश्वर-पाचगणीच्या नगरपालिका येणाऱ्या पर्यटकांकडून प्रवासी कर तरी घेतात. बाहेरच्या वाडीला हक्काची म्हणावी ती घरपट्टी आणि पाणीपट्टी. कचरा मात्र सोमवारी सकाळी तिच्याच दारात. घरपट्टी ठरते नमुना ८ वरून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्ता-कर नोंदवहीवरून, आणि फेरआकारणी चार वर्षांनी होते. बंगला आठ खोल्यांनी भाड्याने चालत असला, तरी नोंद «राहते घर» अशी असेल तर कर घराचाच बसतो. मालमत्तेचा वापर नमुना ८ मध्ये लिहिलेला असतो आणि तो उतारा ग्रामपंचायतीत अर्ज करून मिळतो. तो घ्यावा आणि बुकिंग ॲपवर आपल्या गावाचं नाव टाकून जी यादी येते, ती शेजारी ठेवून ताडून पाहावी.