तीन सूत्रं पाठ केली की क्षेत्रफळ समजतं? नाही!

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सारखा फिरतोय: ‘परिमिती, क्षेत्रफळ, घनफळ यांत समजून घेण्यासारखं काही नाही. चौकटी मोजणं म्हणजे वेळ वाया. घेर मोठा तर जागा मोठी, बाजू दुप्पट तर उत्तर दुप्पट. एकक विसरलं तरी फार तर अर्धा गुण जातो. घनफळ तर सूत्राशिवाय कळतच नाही. तेव्हा तीन सूत्रं घोकून घ्या.’ विधानं चुकीची आहेतच, पण त्यावर आधारलेला सल्ला मुलांचं खरं नुकसान करतो. म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘घेर मोठा तर जागा मोठी.’ साफ चूक. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, 1,089 चौरस फूट. त्याला कुंपण लागतं 132 फूट. तेवढंच कुंपण 60 बाय 6 फुटांच्या पट्टीलाही लागतं, पण तिथे जागा भरते 360 चौरस फूट. गुंठ्याचा तिसरा हिस्साही नाही!

मुलांना हे कागदावर दाखवा. चौकटीच्या वहीतून 6 बाय 4 चौकटींचा आयत कापा. परिमिती 20, क्षेत्रफळ 24. आता कोपऱ्यातली एक चौकट कापून टाका. क्षेत्रफळ 23 झालं. परिमिती? ‘कमी झाली’, असंच उत्तर बहुधा येतं. कडेवरून बोट फिरवत मोजली की पुन्हा 20च भरते. मग तसाच दुसरा आयत घ्या आणि कोपऱ्याऐवजी कडेची मधली चौकट कापा. क्षेत्रफळ 23, परिमिती 22. जागा घटली आणि घेर वाढला. प्राथमिक गणितात यापेक्षा सुंदर पाच मिनिटं मला माहीत नाहीत.

‘बाजू दुप्पट तर उत्तर दुप्पट’ हे फक्त परिमितीला लागू पडतं. लांबी, रुंदी, उंची 1 मीटर असलेल्या टाकीत 1,000 लिटर पाणी मावतं. तिन्ही मापं दुप्पट केली तर 8,000 लिटर.

चौकटी मोजण्यात वेळ जातो, हे खरं. तो जायलाच हवा. लांबी गुणिले रुंदी म्हणजे रांगांत मांडलेल्या चौकटींची झटपट मोजणी. हे न पाहिलेल्या मुलापुढे एल आकाराची खोली आली की ते दिसतील त्या आकड्यांचा गुणाकार करून मोकळं होतं. चौकटी मोजलेलं मूल तिचे दोन आयत पाडतं.

एककाचं म्हणाल तर बांधकामावर विचारा. 1 ब्रास वाळू म्हणजे 100 घनफूट, 1 ब्रास फरशी म्हणजे 100 चौरस फूट. नुसतं ‘100’ म्हणून भागत नाही.

राहिलं घनफळ. ए-4 आकाराचे दोन कागद घ्या. एकाची उंच नळी करा, दुसऱ्याची बुटकी आणि रुंद. कडा एकमेकींवर न चढवता चिकटपट्टीने जोडा. कागद सारखेच, म्हणजे तांदूळही सारखेच मावणार, असं मुलांना वाटतं. ताटात रुंद नळी ठेवून तिच्या आत उंच नळी उभी करा, ती काठोकाठ भरा आणि हळूच वर ओढून घ्या. 21 सेमी उंचीच्या रुंद नळीत तांदूळ जेमतेम 15 सेमीपर्यंत येतात. हे कळायला चौथीतल्या मुलाला वृत्तचितीचं सूत्र लागत नाही.