फाइल पुसू नये, रिकामी ठेवावी

लिनक्स मशीनची प्रत काढण्यापूर्वी (क्लोन करण्यापूर्वी) ‘ईटीसी’ (/etc) या सेटिंग्जच्या फोल्डरमधील मशीन-आयडीची, म्हणजे त्या मशीनच्या एकमेव ओळखक्रमांकाची, फाइल पुसून टाकावी, हा लेखातील सल्ला मला अपुरा वाटतो. मशीन सुरू होताना मूळ फाइलप्रणाली केवळ वाचनीय असेल आणि ही फाइल अस्तित्वातच नसेल, तर सिस्टमडी (लिनक्समधील सेवा सुरू करणारी प्रणाली) मशीन सुरू करण्यास नकार देते. शून्य बाइटची रिकामी फाइल असेल, तर मात्र सिस्टमडी ‘रन’ (/run) या तात्पुरत्या फोल्डरमध्ये तात्पुरता १२८ बिटांचा क्रमांक तयार करून त्या फाइलवर माउंट करते, म्हणजे तिच्या जागी दाखवते, आणि डिस्क लिहिण्याजोगी झाल्यावर तो कायम करते. अर्थात फाइल नसणे म्हणजे ‘पहिले बूट’ (मशीन पहिल्यांदाच सुरू होत आहे) असाही अर्थ घेतला जातो; रिकाम्या फाइलला तो अर्थ लागू होत नाही. तो हवा असेल, तर फाइल रिकामी न ठेवता तिच्यात ‘अनइनिशियलाइज्ड’ हा इंग्रजी शब्द लिहून ठेवावा.

डीएचसीपीचा (मशीनना नेटवर्कवरील आयपी पत्ता आपोआप देणाऱ्या पद्धतीचा) उल्लेख लेखात यायलाच हवा होता. आमच्याकडे एकाच प्रतिमेवरून (डिस्कच्या तयार प्रतीवरून) उभ्या केलेल्या मशीनना, मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) वेगवेगळे असूनही, एकच आयपी पत्ता मिळत होता आणि आम्ही दोन दिवस नेटवर्कचे स्विच तपासत बसलो. सिस्टमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग सिस्टमडी-नेटवर्कडी आपली डीएचसीपी ओळख मुळात मशीन-आयडीवरूनच काढते, हे तेव्हा कुणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. एसएसएचच्या (दूरवरून सुरक्षितपणे लॉगिन करण्याच्या पद्धतीच्या) होस्ट कीजनाही, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्यांनाही, हीच काळजी लागू पडते.