खाडे कुणी मोजायचे?

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: मुंबई नव्वद टक्के साक्षर आहे, उरलेल्या म्हाताऱ्यांना आता शिकवून काय मिळणार? प्रौढ वर्गात बसून एकाला तरी नोकरी लागली का? वस्तीतली युवा केंद्रं म्हणजे कॅरमचे अड्डे. आणि ज्याचा परतावा मोजता येत नाही त्यावर करदात्यांचा पैसा नको. मी गोवंडीत सहा वर्षं संध्याकाळचा साक्षरता वर्ग घेते आहे. वाचून पुढे सरकणं मला जमलं नाही.

नव्वद टक्के हा आकडा २०११ च्या जनगणनेचा. शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांत साक्षरता ८९ टक्क्यांच्या थोडी वर होती, हे खरं. पण सव्वा कोटीच्या मुंबईत उरलेले दहा-अकरा टक्के म्हणजे दहा लाखांहून जास्त माणसं. शिवाय जनगणनेत कुणाची परीक्षा घेत नाहीत. प्रगणक दारात विचारतो, घरातलं कुणीतरी 'येतं वाचायला' म्हणतं, नोंद होते. माझ्या वर्गातल्या निम्म्या बायकांना सही येत होती. त्या कागदोपत्री साक्षरच असतील, पण रेशनच्या पावतीवर किती किलो छापलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं.

पैशाचंही बघू. केंद्र सरकारच्या उल्लास या प्रौढ साक्षरता योजनेला २०२२ ते २०२७ या काळासाठी १,०३७.९० कोटी रुपये मंजूर आहेत आणि पाच कोटी माणसांना शिकवायचं लक्ष्य आहे. भागाकार केला तर माणशी साधारण २०८ रुपये येतात, पाच वर्षांचे मिळून. शिकवणारे स्वयंसेवक आहेत, पगार नाही.

आता नोकरी. या प्रश्नाचा मला खरंच राग येतो, कारण आमच्या वर्गातली प्रत्येक बाई आधीपासूनच काम करते. आमची एक मावशी चेंबूरला तीन घरी पोळ्या आणि धुणीभांडी करते. पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "ताई, क राहू द्या. ख शिकवा." का, तर खाडा. महिनाअखेरीला कुठल्या ना कुठल्या घरी तिचे दोन खाडे जास्त धरले जायचे. हिशेब मालकिणीच्या कॅलेंडरवर, आणि ते हिला वाचता येत नाही म्हटल्यावर बोलणार काय? आता तिच्या स्वतःच्या घरी कालनिर्णय टांगलेलं आहे. गैरहजर राहिली त्या तारखेच्या चौकटीत ती ख लिहिते, कोणत्या घराचा ते कळावं म्हणून पुढे एक, दोन किंवा तीन. पगाराच्या दिवशी पान फाडून सोबत नेते. महिन्याला दीडशे-दोनशे रुपये वाचतात, असा तिचाच हिशेब आहे. सरकारचे माणशी २०८ रुपये दोन महिन्यांच्या आत वसूल झाले. नोकरी लागली का या रकान्यात मात्र तिच्या नावापुढे 'नाही' असंच येणार.

मोजता येत नाही, हा दावा तर साफ चुकीचा आहे. सामाजिक परतावा मोजायची एक रीत १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोतल्या आरईडीएफ या संस्थेने बसवली आणि ती पुढे बऱ्याच देशांत वापरली गेली. ब्रिटनमध्ये तर सार्वजनिक संस्थांनी सेवा विकत घेताना सामाजिक मूल्याचा विचार करावा, असा कायदा २०१२ साली झाला. या रीतीत, काय बदललं हे आधी ज्याच्या आयुष्यात बदललं त्यालाच विचारायचं. मग वजाबाकी करायची: आपण नसतो तरी जे झालंच असतं ते वजा, दुसऱ्यांचा वाटा वजा, काळाबरोबर विरून जाईल तेही वजा. मावशीच्या बाबतीत कॅलेंडर तिच्या मुलीने आणलं, आकडे घरी तिनेच गिरवून घेतले. म्हणून त्या दीडशेतले पाऊणशेच मी वर्गाच्या नावावर धरीन. आमच्याकडच्या काही संस्था ही वजाबाकी न करता 'एका रुपयामागे बारा रुपये' असं छापतात, तेही मला पटत नाही. असल्या आकड्यांनीच मेसेज लिहिणाऱ्यांचं फावतं.

कॅरमबद्दल. आमच्या शेजारच्या खोलीत युवा केंद्र आहे. तिथला एक मुलगा नववीत शाळा सोडून आलेला. दोन वर्षं तो फक्त कॅरम खेळला. पावडर टाकायची, खेळायचं, कुणाशी फारसं बोलायचं नाही. तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी त्याने तिथल्या दादाला विचारलं, "तो सतरा नंबरचा फॉर्म कधी भरतात?" बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. वर्षाच्या शेवटी मोजणाऱ्याने त्याला दोनदा नापास ठरवलं असतं. ती दोन वर्षं तो रोज संध्याकाळी कुठे होता, हेही मोजायला हवं.

आणि काही गोष्टी तर वीस वर्षांनी दिसतात. १९८९ साली मुंबईच्या वस्त्यांमध्ये साक्षरतेसाठी कोरो ही संस्था उभी राहिली. शिकता-शिकवता वस्तीतल्याच बायका पुढे आल्या, घरातल्या मारहाणीविरुद्ध उभ्या राहिल्या. २०११ साली मुंबईत बायकांना मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या हव्यात म्हणून 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, तेव्हा तिच्यात कोरो पुढे होती. १९९० च्या अहवालात यासाठी कोणता रकाना ठेवता आला असता?

या महिन्यापासून आम्ही हजेरीपटात एक नवा रकाना आखला आहे: 'या आठवड्यात कुठे वाचलं?' ज्याचं त्याने लिहायचं, मी लिहून देत नाही. पहिल्या आठवड्यात चौदापैकी पाच रकाने रिकामे राहिले, ते तसेच ठेवले आहेत. मावशीने लिहिलंय, 'गोळीची तारीक'.