नाथषष्ठीची तारीख कोणी मनाने ठरवत नाही

सध्या एक संदेश फिरतो आहे: सणांच्या तारखा पंचांगवाले मनानेच ठरवतात, धोंड्याचा म्हणजे अधिक महिना हवा तेव्हा घुसडतात, दिवाळीही दोन-दोन दिवस करून ठेवतात; खरी पक्की एकटी संक्रांत, कारण ती कायम १४ जानेवारीलाच येते. यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

तारखा वाटेल तशा उडतात, या आक्षेपासाठी पैठणची नाथषष्ठीच घ्यावी. फाल्गुन वद्य षष्ठी २०२३ मध्ये १३ मार्चला, २०२४ मध्ये ३१ मार्चला आणि २०२५ मध्ये २० मार्चला आली. वरवर हा गोंधळ वाटतो. पण दिवस मोजले, तर पहिले अंतर ३८४ दिवसांचे आणि दुसरे ३५४ दिवसांचे निघते. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा असल्याने हे अनुक्रमे तेरा आणि बारा महिनेच झाले.

तेरावा महिना आला कुठून, हा खरा प्रश्न आहे. बारा चांद्रमास सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी तोकडे पडतात आणि ही तूट साधारण साडेबत्तीस महिन्यांत एका महिन्याएवढी साचते. ती कुठे भरायची याचाही नियम आहे: ज्या चांद्रमासात सूर्य एकाही नव्या राशीत प्रवेश करत नाही, तो अधिक. २०२३ मध्ये सूर्य १७ जुलैला पहाटे कर्केत गेला आणि त्याच दिवशी मध्यरात्रीच्या सुमारास अमावस्या संपून नवा चांद्रमास लागला. पुढची अमावस्या १६ ऑगस्टला दुपारी संपली, तर सूर्याचा सिंहेतला प्रवेश, म्हणजे सिंह संक्रांत, झाली १७ ऑगस्टला. मधला महिना बिनसंक्रांतीचा राहिला, म्हणून अधिक श्रावण आला आणि माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीच्या पुरुषोत्तम मंदिरात भाविकांची रीघ लागली. जावयाच्या अनारशांची सोय पाहून तो कोणी नेमला नव्हता. इस्लामी हिजरी गणनेत असा महिना धरत नाहीत, म्हणूनच रमजान सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

संक्रांतही बांधलेली नाही. २०२४ मध्ये ती १५ जानेवारीला होती. संक्रांत ज्यावर ठरते ते निरयन, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेले, वर्ष सायन, म्हणजे ऋतूंच्या, वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्याने ती साधारण सत्तर-बाहत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते.

दोन दिवाळ्यांच्या आक्षेपात मात्र थोडे तथ्य आहे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकायला लागणारा वेळ म्हणजे एक तिथी, आणि चंद्राची गती कमी-जास्त होत असल्याने तो वेळ सुमारे २० ते २७ तासांचा असतो. २०२४ मध्ये आश्विन अमावस्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागून १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली, म्हणजे तिने दोन्ही संध्याकाळी गाठल्या. जुन्या ग्रंथांतल्या सारण्या आणि प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे दृक् गणित यांच्या उत्तरांत फरक पडतो हे मान्यच आहे, पण त्या वर्षीचा मुख्य वाद लक्ष्मीपूजनाला कोणता प्रदोष, म्हणजे सूर्यास्तानंतरचा काळ, धरायचा, या धर्मशास्त्रीय नियमाचा होता. महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगांनी दुसरा धरला.